वडीलधाऱ्यांचें मत

निवडणूक जवळ आली म्हणजे घरांतील वडील माणसांविषयीं एक ठराविक उद्गार कानांवर येतो : "आजोबांचें काय विचारतां? त्यांचें मत ठरलेलेंच!" या उद्गारांत थोडें कौतुक असतें, थोडी थट्टा असते आणि बरेंचसें अज्ञान असतें. वृद्ध मनुष्य मत देतो तो केवळ संवयीनें, किंवा एखाद्या पुढाऱ्यावरील जुन्या मायेनें, अशी पुष्कळ सुशिक्षित मंडळींची समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, आणि ती खरी धरून चालल्यानें आपण आपल्याच घरांतील एका नागरिकावर कसा अन्याय करतों, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे. उदाहरणादाखल मीं पुणें जिल्ह्यांतील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके घेतले आहेत.

हे तालुके बहुतेक श्रोत्यांस नांवानें तरी परिचित असतील. मोरोपंतांची बारामती आणि मालोजीराजांचें इंदापूर. दक्षिणेकडून नीरा आणि उत्तरेकडून भीमा येते, व दोघींचा संगम इंदापूर तालुक्याच्या टोंकास नरसिंहपुराजवळ होतो. एका अंगास नीरेच्या डाव्या कालव्यावरील ऊंस, तर दुसऱ्या अंगास पावसाची वाट पाहणारी जिराईत जमीन. पुण्यामुंबईंत स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांचे आजीआजोबा अशाच गांवांत राहतात, आणि मतदानाच्या दिवशीं सकाळच्या पहिल्या रांगेंत स्वच्छ धोतर-टोपीचे म्हातारे व डोक्यावरून पदर घेतलेल्या म्हाताऱ्या दिसतात. त्यांना इतक्या लवकर कोण उठवितें, हा खरा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर शोधावयाचें तर मत ही वस्तु या पिढीच्या हातीं कशी आली तें पाहिलें पाहिजे. इंग्रजी अमदानींत मत हा मनुष्यमात्राचा हक्क नव्हता. ती मिळकतीस आणि शिक्षणास चिकटलेली सवलत होती. १९३५ च्या कायद्यानें मताधिकार पूर्वींपेक्षां पुष्कळ वाढविला, तरीहि १९३७ सालच्या प्रांतिक निवडणुकींत साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत मतदार होते ते सुमारें तीन कोटीच. ठराविक सारा भरणारा खातेदार मत देई. त्याच्या शेतांत राबणारा मजूर देऊं शकत नसे. बहुसंख्य स्त्रिया तर यादीच्या बाहेरच होत्या. २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली आणि तिच्या ३२६ व्या कलमानें २१ वर्षांच्या प्रत्येक स्त्रीपुरुषास मताचा अधिकार दिला. ही वयोमर्यादा १९८९ सालीं १८ वर आली. पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ मध्यें सुरू होऊन फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली, आणि तिच्या यादींत सुमारें १७ कोटी ३२ लक्ष नांवें होतीं.

ज्यांना वाचतां येत नव्हतें त्यांनीं मत द्यावयाचें कसें, ही त्या वेळीं मोठीच अडचण होती. त्यावर युक्ति काढली ती अशी. प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी, आणि पेटीवर त्याचें चिन्ह. मतदारानें आडोशाला जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटींत टाकावी, म्हणजे काम झालें. हीच रीत १९५७ सालींहि होती. पुढें १९६२ च्या निवडणुकींत एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धति आली, आणि २००४ सालीं लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत यंत्राची कळ दाबण्याची. पेटी, शिक्का आणि कळ या तिन्ही विद्या आपल्या आजीआजोबांच्या पिढीनें शिकून घेतल्या आहेत. ज्याचें मत निव्वळ संवयीचें असतें तो इतक्या वेळां नवें शिकण्याचे श्रम घेत नाहीं.

आजीची गोष्ट तर आणखी निराळी आहे. पहिल्या यादीच्या वेळीं देशांतील सुमारें २८ लक्ष स्त्रियांनीं आपलें स्वतःचें नांव सांगितलें नाहीं. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेंच सांगितलें. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशीं नांवें यादींत ठेवण्यास नकार दिला. ह्या स्त्रिया बहुतांशीं उत्तरेकडील प्रांतांतल्या होत्या. पण त्यांचा संकोच आपल्याला परका नाहीं. आपल्याकडे पतीचें नांव घ्यावयाचें तें उखाण्यांत, आणि स्त्रीचें माहेरचें नांव लग्नांतच बदलावयाचें. पुढें मूल झालें कीं ती जन्मभर त्या मुलाची आई. अशा स्त्रीला तिच्या स्वतःच्या नांवानें पुकारणारें सरकारी ठिकाण म्हणजे मतदानकेंद्र. तेथें अधिकारी तिचें नांव मोठ्यानें वाचतो आणि शाई लागते ती तिच्याच बोटाला. पहांटे उठून ती डोक्यावर पदर सारखा करते, त्याचें मर्म या प्रसंगांत आहे.

आतां वयाचा हिशेब पाहूं. १९५२ सालीं ज्यांनीं मत दिलें ते २०२४ सालीं नव्वदीच्या पुढें होते. ज्यांची नुकतीच पंचाऐंशी पुरी झाली होती, त्यांचें पहिलें मत १९६२ चें. या दोहोंच्या मधली जी मंडळी, त्यांच्यापैकीं अनेकांचें पहिलें मत १९५७ सालचें, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतलें. ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली. त्या सभेचे अध्यक्ष केशवराव जेधे होते. तेच केशवराव १९५७ सालीं बारामती मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून गेले. त्या निवडणुकींत पश्चिम महाराष्ट्रानें समितीला भरघोस यश दिलें, आणि १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालें. पहिल्याच मतानंतर तीन वर्षांत ज्यानें आपलें राज्य नकाशावर उमटलेलें पाहिलें, त्याला 'एका मतानें काय होतें?' हा प्रश्न पडत नाहीं. त्याची देशभक्ति भाषणांतून आलेली नसते; ती अनुभवांतून आलेली असते.

परंतु या पिढीचें मत एकाच पुढाऱ्याला वाहिलेलें असतें, हा आक्षेप उरतोच, आणि बारामतीविषयीं तो विशेष घेतला जातो. १९६७ सालीं शरद पवार तेथून प्रथम विधानसभेवर गेले, व तेव्हांपासून त्या गांवाचें नांव त्या एका घराण्याशीं जोडलें गेलें. तथापि लोकसभेच्या निकालांवर दृष्टि टाकली तर निराळें चित्र दिसतें. आणीबाणीनंतर १९७७ सालीं बारामतीनें जनता पक्षाचे संभाजीराव काकडे यांना निवडून दिलें. १९८० सालीं इंदापूरचे शंकरराव बाजीराव पाटील निवडून आले. १९८४ सालीं शरद पवार, १९८५ च्या पोटनिवडणुकींत पुन्हां काकडे, आणि १९८९ सालीं पुन्हां शंकरराव पाटील. बारा वर्षांत पांच निकाल लागले, आणि प्रत्येक वेळीं आधींचा प्रतिनिधि बदलला. हीं मतें देणारे तरुण व प्रौढ म्हणजेच आजचे वृद्ध होत.

२०२४ सालीं या मतदारांची खरी कसोटी लागली. ७ मे रोजीं, भर उन्हाळ्यांत, बारामती लोकसभा मतदारसंघांत मतदान झालें. शरद पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे आणि त्यांचे पुतणे अजित पवार यांच्या पत्नी सुनेत्रा पवार अशा एकाच घरांतील दोन उमेदवार समोरासमोर उभ्या होत्या. सुळे दीड लाखाहून अधिक मतांनीं निवडून आल्या. बारामती व इंदापूर या दोन्ही विधानसभा क्षेत्रांत त्यांना आघाडी मिळाली. पुढें २० नोव्हेंबर रोजीं विधानसभेचें मतदान झालें. तेव्हां बारामतींत अजित पवारांनीं आपले पुतणे युगेंद्र पवार यांचा एक लाखाहून अधिक मतांनीं पराभव केला, आणि इंदापुरांत अजित पवारांच्याच पक्षाचे दत्तात्रय भरणे यांनीं हर्षवर्धन पाटील यांना हरविलें. कोण बरोबर, कोण चूक, हा आपला विषय नव्हे. लक्षांत घ्यावयाचें तें एवढेंच, कीं सहा-सात महिन्यांत त्याच गांवांनीं दिल्लीसाठीं एक निवाडा दिला आणि मुंबईसाठीं दुसरा. यांत म्हाताऱ्यांचीं मतें किती आणि कोणत्या बाजूचीं, हें कोणालाहि सांगतां येणार नाहीं. गुप्त मतदानाचा अर्थच तो आहे. म्हणूनच, आजोबांचें मत ठरलेलें असतें असें छातीठोकपणें सांगण्याचा अधिकार नातवाला पोंचत नाहीं.

याचा अर्थ वडील पिढी दोषमुक्त आहे असा मात्र नव्हे. भावकी, गांवकी आणि उपकाराची जाणीव यांचें ओझें तिच्या मतावर पुष्कळदां पडलेलें असतें. कालव्याचें पाणी, कारखान्यांतील नोकरी, मुलाला मिळालेला कॉलेजांतील प्रवेश, यांची कृतज्ञता माणसाला शोभते. पण कृतज्ञतेची फेड मतानें करावयाची असते काय? २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं याच धोक्याचा इशारा दिला होता. धर्मांत भक्ति मोक्षाची वाट असूं शकेल, परंतु राजकारणांत व्यक्तीची भक्ति अधःपाताकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. देशभक्ति आणि व्यक्तिभक्ति यांतील अंतर येथें स्पष्ट होतें. देशभक्त मतदार पुढाऱ्याचे आभार मानून त्याचा हिशेबहि मागतो. व्यक्तिभक्त आभारावरच थांबतो.

मतदाराचें मत स्वतंत्र राहावें यासाठीं कायद्यानें काय सोय केली आहे, तीहि समजून घेऊं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत ८५ वर्षांवरील मतदारांना घरूनच टपाली मतपत्रिकेनें मत देण्याची सोय प्रथमच देशभर झाली. त्यासाठीं निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पांच दिवसांत '१२ ड' हा नमुना भरून द्यावा लागे. त्यानंतर ठरलेल्या दिवशीं अधिकारी, पोलीस आणि चित्रण करणारा मनुष्य असें पथक घरीं येई. उमेदवारांच्या प्रतिनिधींनाहि उपस्थित राहतां येई. चित्रण होई तें कामकाजाचें, मताच्या खुणेचें नव्हे. मतदारानें आडोसा करून कागदावर खूण करावयाची, आणि पत्रिका पाकिटांत घालून बंद करावयाची. यंत्राची कळ दाबावयास शिकलेला हात अशा रीतीनें पुन्हां कागदाकडे वळला. एकदां घरचें मतदान पत्करलें म्हणजे मग केंद्रावर जाऊन मत देतां येत नसे.

हिमाचल प्रदेशांतील कल्पा गांवचे शिक्षक श्याम सरन नेगी यांनीं ऑक्टोबर १९५१ मध्यें स्वतंत्र भारतांतलें पहिलें मत दिलें. नोव्हेंबर २०२२ मध्यें त्यांनीं आपलें अखेरचें मत अशाच टपाली पत्रिकेनें घरून दिलें, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते वारले. ही सोय किती मोलाची आहे याची यावरून कल्पना येईल. मात्र तिच्यांत एक उणीवहि आहे. केंद्रावरील आडोशांत मतदार एकटा असतो. घरीं मात्र दाराआड मुलगा, सून आणि नातवंडें असतात. २०२४ सालीं बारामती-इंदापुराकडील कित्येक घरांत दोन भावांचे दोन पक्ष होते. अशा घरांत म्हाताऱ्या आईच्या हातांतील कागदावर सर्वांचे डोळे लागले, तर तिच्या मताची गुप्तता कोणत्या पोलिसानें राखावी?

केंद्रावर जाणाऱ्या मतदारासाठींहि नियम आहे. अंध किंवा दुर्बल मतदारास सोबती नेतां येतो. तो अठरा वर्षांचा तरी असला पाहिजे, एका दिवशीं एकाच मतदारासाठीं त्यानें सोबत करावी, आणि मत गुप्त ठेवण्याचें लेखी वचन द्यावें. म्हाताऱ्याच्या वतीनें आपणच ठरवून कळ दाबणारा सोबती हें वचन मोडतो, मग तो पोटचा मुलगा कां असेना.

तेव्हां आपणां घरच्या मंडळींचें कर्तव्य कोणतें? मतदारयादींत वडील माणसांचीं नांवें आहेत कीं नाहींत, हें निवडणूक जाहीर होण्याआधींच पाहावें. नांव गळल्याचें मतदानाच्या दिवशीं कळून उपयोग नसतो. ज्यांची दृष्टि मंदावली आहे त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवावें, पण दोन्ही बाजू वाचाव्या. आपल्या आवडीचा मजकूर तेवढा निवडून वाचूं नये. केंद्रावर जावयाचें कीं घरूनच मत द्यावयाचें, हें त्यांनाच ठरवूं द्यावें. चारचौघांत रांगेंत उभें राहण्याचा मान ज्यांना हवा आहे त्यांच्यासाठीं वाहनाची तजवीज करावी. ज्यांनीं घरचें मतदान पसंत केलें आहे त्यांच्याकरितां खोली मोकळी करून आपण अंगणांत बसावें. आणि मत दिल्यावर, 'कोणाला दिलेंत?' असें विचारूं नये.

वडील मंडळींनींहि एक गोष्ट करावी. मत कोणाला द्यावें हें नातवंडांना सांगूं नये. तें आपल्याला कसें मिळालें, १९५२ ची पेटी कशी होती, १९५७ सालीं गांव कसा जागा होता, १९७७ सालीं लोक काय बोलत होते, हें सांगावें. अठराव्या वर्षीं केवळ अर्ज भरून ज्याला यादींत नांव नोंदवितां येतें, त्याला त्या नांवाची किंमत कळण्याचा दुसरा मार्ग फारसा नाहीं. हीं माणसें आज फार थोडीं राहिलीं आहेत. पुढच्या निवडणुकीच्या आधीं एका संध्याकाळीं त्यांच्याजवळ बसून एवढें ऐकून घेतलें, तर मतदानाच्या दिवशीं कोणाला उठवावें लागणार नाहीं.