मोगरा : गंध आणि गुण

वैशाखात वडोदऱ्याच्या अंगणांत सायंकाळी मोगरा उमलतो. बुटक्या झुडपाची ही फुले माठात नि गजऱ्यात. एवढाच उपयोग आपणांस ठाऊक. परंतु बाळ गमावलेल्या मातेचे दाटलेले स्तन किती ठणकतात, हे आम्ही डॉक्टर जाणतो. दक्षिणेत दूध आटावे म्हणून स्तनांवर मोगऱ्याच्या माळा बांधीत. वेल्लोरच्या डॉक्टरांनी ही रीत ६० बाळंतिणींमध्ये ब्रोमोक्रिप्टीनशी ताडून पाहिली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोहोंनी दूध सारखेच आटले. प्रोलॅक्टिन मात्र औषधाने अधिक उतरले. अभ्यास लहान, पण बोलका. म्हणून बालरोगतज्ज्ञ या नात्याने सांगतो : गजरा केसांत खुशाल माळावा, बाळाला पाजणाऱ्या मातेने फुले छातीशी बांधू नयेत.