ढोलीवाचून पोपट कुठला?

परभणीहून मनमाडच्या गाडीत बसलं, की थोड्याच वेळात पेडगाव येतं. हा काळ्या रानाचा मुलूख. इथं रब्बीत टाळकी ज्वारी आणि करडई. कणीस हुरड्यात आलं की पोपटांचे थवे उतरतात आणि शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर चढतो. त्याचा राग खरा आहे, कारण हा पक्षी खातो थोडं आणि सांडतो फार.

करडईच्या काट्यांना गुरं तोंड लावत नाहीत. पोपटाला त्यांचं काही वाटत नाही. तो बोंड चोचीनं खुडतो, एका पायात धरतो, दुसऱ्या पायावर तोल सांभाळत बी फोडतो आणि टरफल टाकून देतो. पायाची दोन बोटं पुढं, दोन मागं, म्हणून पकड पक्की. वरची चोचही हलते, त्यामुळे दाणा आत हवा तसा फिरवता येतो.

गळ्यात काळा-गुलाबी कंठ दिसला तर तो नर. हा कंठ साधारण तिसऱ्या वर्षी येतो. मादीला तो नसतो, पण जोडीत वरचष्मा तिचाच. नर मान लववत तिच्यापुढं येतो, तिला चोचीनं भरवतो.

पौष-माघापासून ढोलीचा शोध सुरू होतो. खोड मुळापासून कोरणं पोपटाला फारसं जमत नाही. सुतारपक्ष्यानं किंवा तांबटानं केलेलं भोक तो कुरतडून रुंद करतो. साळुंकी आणि पिंगळाही त्याच जागेसाठी टपलेले असतात. अंडी बहुधा तीन-चार. सुमारे 22 दिवस मादी ती उबवते. पिलं उडायला आणखी सहा-सात आठवडे लागतात.

बांधावरचा म्हातारा लिंब पिकावर सावली धरतो म्हणून पाडला जातो, तेव्हा मला पिकाच्या नुकसानीइतकंच हेही नुकसान मोठं वाटतं. नवं रोप उद्या लावता येईल. त्याला ढोली पडायला कित्येक वर्षं जातील.

लंडनच्या बागांतही हाच पोपट आज मोकळा वावरतो; पिंजऱ्यातून सुटलेल्यांचीच ती पिलावळ. आपल्याकडं मात्र तो अजून पिंजऱ्यात टांगलेला दिसतो. 1972च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पकडणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. पिलं काढायला कुऱ्हाडीनं ढोलीचं तोंड फोडलं, की आत पावसाचं पाणी शिरतं, आणि पुढच्या माघात ती जागा ना पोपटाच्या कामाची राहते, ना पिंगळ्याच्या.