बाल्कनीतल्या माणसाच्या पाठीशी उभं राहून

लातूर असो की नांदेड, मुंबईची रात्रीची गाडी धरल्याशिवाय मोठं कलादालन दिसत नाही. त्यामुळे बहुतेक चित्रं आपण मोबाइलवरच पाहतो. भूपेन खख्खर यांचं 1981चं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे तैलचित्र तर लंडनच्या टेट संग्रहात आहे. ते मोबाइलवर काढा आणि एकेक पायरी घ्या.

आधी माप. चित्र चौरस आहे, प्रत्येक बाजू सुमारे पावणेसहा फूट. घरच्या भिंतीवर खडूने तेवढा चौकोन आखा. चित्रातला बाल्कनीतला उघडा माणूस जवळजवळ आपल्या उंचीचा आहे, हे तेव्हाच लक्षात येतं. तळहातावरच्या पडद्यावर नेमकं हेच हरवतं.

मग फक्त दिसतं ते सांगा. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. नग्न माणूस दिसला की आपण दचकतो किंवा लगेच ‘याचा अर्थ काय?’ विचारतो. थोडं थांबा. एक माणूस बाल्कनीतून खाली बघतोय. खाली बाप, लेक आणि गाढव आहेत. गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे: लोकांचं ऐकता ऐकता बापलेकांनी गाढवच गमावलं.

आता मांडणी, म्हणजे कोणती वस्तू कुठे आणि केवढी. बघणारा मोठा, गोष्टीतली माणसं चिमुकली. म्हणजे वजन गोष्टीला नाही, बघणाऱ्याला दिलंय. आपणही त्याच्याबरोबर बाल्कनीतच उभे राहतो.

बापलेक एकाच चित्रात दोनदा दिसतात, त्याने गोंधळू नका. शाळेच्या सहलीत अजिंठा पाहिला असेल तर आठवा: तिथेही मधे चौकट न घालता एकच पात्र पुन्हा पुन्हा येतं आणि कथा पुढे सरकते. याला सलग कथनपद्धती म्हणतात.

रंगांत निळ्याचं राज्य आहे. त्याने बाहेरचं जग शांत होतं, जरा परकंही.

चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांची एक तक्रार हमखास येते: ‘शरीररचना कच्ची आहे, यथार्थदर्शन चुकलंय.’ यथार्थदर्शन म्हणजे दूरचं लहान, जवळचं मोठं दाखवण्याचे नियम. मला ही तक्रार पटत नाही. खख्खर मुंबईत जन्मलेले, बडोद्यात हिशेबनिसाची नोकरी करून चित्रं काढणारे. बाजारातल्या छापील चित्रांचा साधेपणा त्यांनी जाणूनबुजून उचलला. तो काढून टाकला, तर चित्र गुळगुळीत होईल आणि मरेल.

अर्थ सगळ्यात शेवटी. या चित्रातून खख्खर यांनी आपलं समलैंगिक असणं उघडपणे मांडलं, असं मानलं जातं. हे वाचून पुन्हा बाल्कनीकडे वळा. सगळ्यांना खूश करू पाहणाऱ्या बापलेकांकडे तो अंगावर काहीही न घालता बघतोय.

खडूचा चौकोन इतक्यात पुसू नका. पुढच्या चित्राच्या मापालाही तो उपयोगी पडेल.