दहा तोळ्यांचे माकड

माकड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कौलांवरून उड्या मारणारी वानरांची टोळी उभी राहते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, ब्राझील-पेरूकडच्या अरण्यात, मात्र आपल्या मुठीत मावेल एवढे माकड आहे. त्याचे नाव पिग्मी मार्मोसेट. पूर्ण वाढ झालेल्याचे वजन सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे जेमतेम दहा तोळे. शेपूट अंगापेक्षा लांब. स्पिक्स या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८२३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

एवढासा जीव जगतो कशावर? टोळ-किडे तो खातोच; पण त्याचा खरा आधार डिंक. आपल्याकडे बाभळीला कोयत्याचा घाव बसला की डिंक पाझरतो. हे माकड तो घाव स्वतःच घालते, आणि तोही खालच्या पटाशीच्या दातांनी! सालीला बारीक भोके पाडून ते निघून जाते आणि पुन्हा येऊन पाझरलेला डिंक चाटते. उभ्या खोडाला चिकटून बसता यावे म्हणून त्याला पायाचा अंगठा सोडून बाकी बोटांना खारीसारख्या अणकुचीदार नख्या आहेत. नदीकाठची हेक्टरभरही नसलेली जागा एका कुटुंबाला पुरते. झाडे आटली की मात्र बिऱ्हाड हलवावे लागते.

संसाराची रीत तर ऐकण्यासारखी आहे. साडेचार महिन्यांनी मादीला बहुधा जुळी होतात. एकेक पिलू सुमारे १५ ग्रॅमचे. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला साडेबारा किलोंची जुळी व्हावीत तसे! हे ओझे बाप आणि थोरली भावंडे पाठीवर वागवतात. आईकडे पिले येतात ती दूध प्यायला. (आमच्यातील बापमंडळींनी याची नोंद घ्यावी.) पिले माणसाच्या तान्ह्यासारखी बडबडतात. मोठी माकडे जवळ असता शत्रूला ठिकाण सहज न कळेल अशी शीळ घालतात, लांब गेल्यावर ठिकाण कळेल अशी.

माणूस याच पिलांना घरी खेळवण्यासाठी पकडून विकतो. जंगलतोड आहेच. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची अशा त्याच्या दोन जाती आता मानतात. दोन्ही जाती धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहेत. विकत घेणाऱ्याला ते पिलू बोटाला बिलगलेले पाहून मोठे गोड वाटते. पण ज्याच्या पाठीवर ते असायचे, तो बाप अरण्यातच राहिलेला असतो. पुढे दात आले, की ते पिंजऱ्यातील कोरड्या काठीलाही भोके पाडीत बसते.