पापलेट मागू नका, आज काय आलं ते विचारा

गटाच्या बैठकीत हिशेब मिटला की गप्पा खाण्यावर येतात, आणि मग कुणीतरी विचारतंच, आपल्या जालन्यात चांगला ताजा मासा मिळतो कुठे? बाहेर जेवायचं झालं तर मासे कुठे खावेत? आज त्यावर बोलू. दुकानाचं किंवा हॉटेलाचं नाव आम्ही सांगणार नाही. आज चांगलं असलेलं दुकान दोन महिन्यांनी तसंच राहील याची खात्री कोण देणार? त्यापेक्षा ओळखायचं कसं, ते सांगतो.

आधी मासा येतो कुठून ते बघू. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला अंबड, घनसावंगी, परतूरच्या अंगाने गोदावरी वाहते. वर पैठणला जायकवाडीचा नाथसागर आहे. बदनापूरकडे अप्पर दुधना, परतूर-सेलूकडे निम्न दुधना, आणि देऊळगाव राजाच्या बाजूला खडकपूर्णा. समुद्र लांब असला तरी पाणी काही लांब नाही. या धरणांत रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलं जातं. शिवाय चिलापी आहे, मरळ आहे, वांब आहे, शिंगटा आहे, आणि बारीक मासळी तर कितीतरी प्रकारची. गावोगाव नावं बदलतात, म्हणून घेताना नावावर जाऊ नका. मच्छीमार संध्याकाळी जाळं लावतात आणि पहाटे काढतात. त्यामुळे इथला मासा खरा ताजा असतो तो सकाळी. तोच मासा उन्हाळ्यात दुपारी दोनला बर्फाविना पाटीत पडलेला असेल, तर तो जवळचा असूनही घेण्यासारखा राहिलेला नसतो.

दुसरा मासा येतो आंध्र प्रदेशातून. भीमावरम, कोल्लेरूकडच्या तळ्यांत रोहू-कटला फार मोठ्या प्रमाणावर पाळतात आणि बर्फात भरून ट्रकने लांबलांबच्या बाजारांत पाठवतात. तो वाईट असतो असं मुळीच नाही. बर्फ वाटेत तुटलं नसेल तर रोहू आठवडाभरही चांगला राहतो. फक्त तो "आजच धरणातून काढला" म्हणून जास्त भावाने विकला जाऊ नये, एवढंच. आणि तिसरा मासा समुद्राचा, पापलेट, सुरमई, बांगडा. तो आपल्यापर्यंत येताना हातोहात फिरतो. किनाऱ्यावरचा लिलाव, मोठ्या शहरातला ठोक व्यापारी, मग आपला बाजार. शिवाय जून आणि जुलै हे दोन महिने आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या काळात कुणी "मुंबईचं ताजं पापलेट" म्हणालं, तर ते बर्फघरातलं असणार किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरचं.

म्हणून आमचं म्हणणं असं, की दुकानात गेल्यावर पापलेट आहे का असं विचारू नका. आज काय आलं, कुठून आलं, कधी आलं, असं विचारा. चांगली विकणारी बाई लगेच उत्तर देते. आपल्या बाजारात भोई समाजातल्या कितीतरी महिला पिढ्यान्‌पिढ्या मासे विकत आल्या आहेत. एकीकडून नेहमी घेत गेलात, तर "आज नको, उद्या या" असं ती स्वतःच सांगते. हे सांगणारी मिळाली की दुकान सापडलं म्हणा.

आता बघायचं काय. डोळा फुगीर, काचेसारखा स्वच्छ हवा. आत बसलेला, दुधाळ डोळा म्हणजे मासा शिळा. कल्ला उचलून बघा, तो लाल आणि ओलसर हवा. करडा, तपकिरी किंवा चिकट झाला असेल तर सोडून द्या. काही जण कल्ल्याला रंग नाहीतर रक्त लावून ठेवतात, म्हणून बोट फिरवून बघायला लाजू नका. अंग बोटाने दाबलं की खळगा लगेच भरून आला पाहिजे. खवले घट्ट, पोट न फुटलेलं. वास पाण्याचा, शेवाळाचा येईल. आंबट किंवा मुतासारखा वास आला की पुढे बोलणंच नको. मरळ आणि मागूर हवेतूनही श्वास घेतात, म्हणून ते टपात जिवंत मिळतात. त्यांची ताजेपणाची शंका नाही. पण थाई मागूर नावाच्या परदेशी जातीवर आपल्या देशात 2000 सालापासून बंदी आहे, कारण तो इतर मासे खाऊन टाकतो आणि तो पाळताना सडकं मांस घालतात. खूप मोठा, काळा, मिशांचा मागूर फार स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका.

बर्फाकडेही बघा. खाली बर्फ, मग मासा, वर पुन्हा बर्फ, आणि वितळलेलं पाणी निघून जायला वाट, ही रीत. ग्राहक दिसल्यावर वरून मूठभर बर्फ टाकणं म्हणजे देखावा. वजन साफ करण्याआधी आपल्यासमोर करून घ्या, आणि लक्षात ठेवा, डोकं, खवले, आतडी गेल्यावर किलोचा पाऊण किलोही उरत नाही. भाव करताना हे धरूनच चाला.

बांगडा, तारली, कुपा या समुद्री माशांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे जिवाशी गाठ आहे. हे मासे थंड ठेवले नाहीत तर त्यांच्या मांसात हिस्टामीन नावाचं द्रव्य तयार होतं. ते शिजवून जात नाही, तळूनही जात नाही. पुष्कळदा वासही येत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, उलटी-जुलाब होतात. घरात याला "मासा बाधला" किंवा "ॲलर्जी आली" म्हणतात आणि पुढच्या वेळी त्या माणसाला मासाच देत नाहीत. पुष्कळदा दोष माशाच्या जातीचा नसतो, वाटेत तुटलेल्या बर्फाचा असतो. श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, 108 ला फोन करा. आणि आपल्यासारख्या लांबच्या, उष्ण जिल्ह्यात बांगडा घ्यायचाच तर बर्फात गाडलेलाच घ्या, नाहीतर रोहूच बरा.

काही वर्षांपूर्वी, 2018 मध्ये, गोवा आणि केरळात माशाला फॉर्मालिन लावल्याचं प्रकरण खूप गाजलं. ते माशात वापरायला परवानगी नाही. रबरासारखं कडक अंग, डोळे मात्र निस्तेज, माशाचा वासच नाही आणि माशीही बसत नाही, असं दिसलं तर संशय धरा.

आता हॉटेल. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण आहे, उजनी धरणाच्या काठावर. तिथे माशांचा बाजार भरतो आणि जवळच्या हॉटेलांत तेच मासे शिजतात. लोक मुद्दाम गाडी वळवून जातात ते त्यासाठी, आणि खातात काय, तर बरेचदा साधी चिलापी. आपल्याकडेही धरणाच्या किंवा नदीच्या वाटेवरचं छोटं हॉटेल आधी बघा. पाटीवर वीस माशांची नावं आणि बाराही महिने सगळे हजर, असं असेल तर ते बर्फपेटीतलं समजा. "बोनलेस फिश" म्हणून येतो तो बहुधा बासा, पंगसचा भाऊबंद. त्याला सुरमईचा भाव देऊ नका. शिजवण्याआधी मासा दाखवा म्हणा, चांगला हॉटेलवाला दाखवतो. आमच्या मते पहिल्यांदा गेल्यावर तळलेल्यापेक्षा पातळ रस्स्यातला मासा मागवावा. लाल मसाल्याच्या थराखाली शिळेपण लपतं, रस्स्यात मात्र शिळा मासा विरघळतो आणि वासही देतो.

पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या आपल्या मुली हल्ली सुशीबद्दल सांगतात. व्हिनेगर घातलेल्या भातावर कच्चा मासा, जपानी पदार्थ. तिथे बहुतेक समुद्राचा मासा वापरतात, आणि कच्चा खायचा मासा काही देशांत आधी उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो, जंत मरावेत म्हणून. गोड्या पाण्याच्या माशाचं तसं नाही. थायलंडच्या ईशान्य भागात नदीचा मासा कच्चा खाण्याची रीत आहे, त्यातून यकृतात जंत होतात आणि पुढे पित्तनलिकेचा कर्करोगही होतो. त्यामुळे आपला रोहू-मरळ पूर्ण शिजलेलाच खायचा. काट्याजवळचं मांस पांढरं झालं आणि काट्यापासून सुटलं, की शिजला.

प्रकार हवेत म्हणणाऱ्यांनी बारीक मासळीकडे दुर्लक्ष करू नये. ती स्वस्त असते, काट्यासकट खाता येते, त्यामुळे गरोदर बाईला आणि वाढत्या लेकराला त्यातून कॅल्शियम चांगलं मिळतं. उन्हाळ्यात तळी आटली की तरंगलेले मेलेले मासे कुणी स्वस्तात देतं, ते मात्र नको. त्या दिवसांत सुकट, बोंबील, जवळा आहेतच. घेताना ते कोरडे खडखडीत हवेत, गुलाबी-लाल डाग नकोत, भुंगा नको. घरी आणून एकदा कडक उन्हात टाका, गार झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि पावसाळा लागायच्या आत संपवा.