उसाच्या मळीवर उडणारे विमान

१९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर एशिया इंडियाच्या एका विमानात नेहमीच्या इंधनात एक टक्क्यापर्यंत निराळे इंधन मिसळलेले होते. उसाच्या मळीपासून निघणाऱ्या अल्कोहोलवर प्रक्रिया करून ते तयार झाले होते आणि त्यामागे पुण्याचीच प्राज इंडस्ट्रीज ही कंपनी होती. त्याआधी, २७ ऑगस्ट २०१८ रोजी, डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडाच्या तेलापासून बनवलेल्या इंधनाचे मिश्रण घेऊन स्पाइसजेटचे विमान दिल्लीला पोचले होते.

हा खटाटोप कशासाठी? विमानाचे इंधन म्हणजे आपल्या ओळखीच्या रॉकेलचेच अधिक शुद्ध भावंड. ते किलोभर जळले की, हवेतला ऑक्सिजन मिळून, तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. माणसामुळे हवेत जाणाऱ्या या वायूत विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. आकडा लहान दिसतो. पण जगातल्या बहुसंख्य लोकांच्या नशिबी विमानप्रवास अजून यायचाच आहे.

मग मोटारीप्रमाणे विमानालाही बॅटरी का बसवू नये? अडचण वजनाची आहे. एक किलो इंधनात जेवढी ऊर्जा असते, तेवढी साठवायला आजच्या बॅटऱ्या चाळीस किलोंच्या घरात लागतील. छोट्या पल्ल्याच्या छोट्या विमानांना हे कदाचित जमेल, मुंबई-लंडनला नाही. म्हणून वनस्पती आणि टाकाऊ पदार्थ यांपासून केलेल्या इंधनाकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत. तेही जळताना धूर सोडतेच. पण त्यातला कार्बन झाडाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. शिवाय आजच्याच इंजिनांत निम्म्यापर्यंत मिसळून ते वापरता येते.

युरोपीय संघाने २०२५ पासून विमानतळांवरील इंधनात दोन टक्के मिश्रण सक्तीचे केले. २०५० पर्यंत ते सत्तर टक्क्यांवर न्यायचे आहे. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के असे उद्दिष्ट ठरवले आहे. मात्र २०२४ साली जगभरच्या विमान-इंधनात याचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता, आणि किंमत नेहमीच्या इंधनाच्या दुपटीहून जास्त.

महाराष्ट्राला यात दुहेरी स्वारस्य आहे. साखर कारखान्यांना नवे गिऱ्हाईक मिळेल, ही आनंदाची बाजू. दुसरी बाजू पाण्याची. थोड्या जमिनीवरचा ऊस राज्याच्या सिंचनाचे मोठे पाणी पितो. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर, त्याच डिसेंबरात, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि आठवडाभरातच ती सैल केली. साखर, पेट्रोलमधले इथेनॉल आणि आता विमान: एकाच उसाला तीन धनी झाले, तर ओढाताण होणारच. मळी हा साखरेबरोबर आपोआप मिळणारा पदार्थ. ती वापरणे वेगळे आणि विमानासाठी नवा ऊस लावणे वेगळे.

या दृष्टीने आपल्या कढईकडे पाहण्यासारखे आहे. इंडियन ऑईलच्या पानिपत कारखान्याला २०२५ मध्ये वापरलेल्या खाद्यतेलापासून विमान-इंधन बनवण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. वडे-भजी तळून काळे झालेले तेल पुन्हापुन्हा वापरणे आरोग्याला घातक. ते गोळा झाले, तर पोटही वाचेल आणि हवाही. पण ते गल्लोगल्लीच्या हॉटेलांतून आणि फरसाणवाल्यांकडून जमवायचे, तर त्याला रास्त भाव आणि चोख व्यवस्था हवी. शिवाय असे तेल मर्यादितच मिळणार. सगळी विमाने त्यावर उडणार नाहीत.

तेव्हा जिथे चांगली रेल्वे आहे, तिथे रेल्वेने जाणे हा जुना उपाय अजूनही सर्वांत स्वस्त आहे. स्वच्छ इंधनाने तिकीट थोडे महागले, तर तो भार उडणाऱ्यानेच उचलावा. ज्याने विमान फक्त आकाशात पाहिले, त्याच्या विहिरीचे पाणी त्यापायी आटू नये.