खिशातला चाकू, पण कुणाच्या?

माझ्या वडिलांनी पनवेलच्या बाजारात हमाली केली. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सदैव एक घडीचा चाकू असे. त्याने ते पोत्याची सुतळी कापीत, भाकरीबरोबरचा कांदा चिरीत आणि रात्री माझ्या पेन्सिलीला टोक काढून देत. आज तो चाकू माझ्या खिशात असतो. सहकारी विचारतात, ‘सर, हे कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

प्रथम वस्तू समजून घेऊ. घडीच्या चाकूचे पाते मुठीत दुमडते. मुठीच्या पाठीला पोलादाची लवचीक पट्टी असते आणि तिच्या दाबानेच पाते उघडे राहते. त्याला कुलूप नसते. म्हणून हा भोसकण्याच्या कामाचा नव्हे. टोकावर जोर दिला तर पाते आपल्याच बोटांवर मिटायचे. हिंदी चित्रपटांनी गाजवलेला रामपुरी वेगळा, त्याचे पाते खटक्याने अडकून बसते. आपल्याकडे मात्र कोणत्याही घडीच्या चाकूला रामपुरी म्हणून लोक मोकळे होतात. वडिलांच्या चाकूचे पाते साध्या पोलादाचे, स्टेनलेस नव्हे. कैरी कापून तसेच ठेवले तर आंबटाने काळे पडते, ओले राहिले तर गंजते. पण दगडावर चार वेळा घासले की धार येते. पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवायचे, एवढीच निगा.

परंपरागत हत्यारांचे कौतुक वाचतो तेव्हा मला दुसरेच पाते आठवते. पणजोबांच्या हाती सुरी होती ती मेलेले ढोर सोलण्याची. ती त्यांची निवड नव्हती, गावाची आज्ञा होती. मार्च १९२७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, महाडच्या परिषदेत, बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे सांगितले. पुढे ठिकठिकाणच्या महारांनी ढोरे ओढणे टाकले. आमच्या घरातली सुरीही त्याच सुमारास गेली, असे आजी सांगे. सांगताना तिच्या आवाजात हळहळ नसे. परंपरा कुणी कुणावर लादली हे विचारल्याविना आम्हाला कौतुक करता येत नाही. वडिलांचा चाकू मला प्रिय आहे तो जुना म्हणून नव्हे, तर तो त्यांनी स्वतःच्या मजुरीतून स्वतःच्या कामासाठी घेतला म्हणून.

चातुर्वर्ण्याने खालच्यांच्या हाती शस्त्र येऊ दिले नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले. अवजाराला मात्र बंदी नव्हती, कारण अवजाराविना राबणार कोण? कमरेच्या आकडीला कोयता लावलेला कातकरी फाटी तोडतो तोवर कामाचा. तोच बाजारपेठेत दिसला की संशयाचा.

कायदा काय म्हणतो? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने निव्वळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे माप आहे, आणि तेथेही घरगुती, शेतीच्या व उद्योगाच्या पात्यांना सूट आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मात्र काही काळापुरती चाकूच काय, काठी बाळगण्यासही मनाई करता येते. कार्यकर्त्यांनी मोर्चाला निघताना एवढे ध्यानात ठेवावे आणि चाकू घरी ठेवावा.

कागदावरचे माप हे असे. प्रत्यक्षात माप घेतले जाते ते खिशाच्या मालकाचे. दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात कातकरी वाडीतल्या एका विद्यार्थ्याच्या पिशवीत बोटभर पात्याचा चाकू सापडला. पहाटे तो बाजारात भाजीच्या जुड्या बांधी, त्यासाठीचा. चौकशी समितीने ‘घातक शस्त्र’ असे लिहिले. मी समितीत होतो. मी माझा चाकू काढून त्याच्याशेजारी ठेवला. माझे पाते लांब भरले. सगळे हसले. एक जण म्हणाले, ‘सर, तुमची गोष्ट वेगळी.’

वेगळी कशी, ते मी विचारले. उत्तर आले नाही. मुलगा दाराबाहेर उभाच होता. अहवालातले ‘घातक शस्त्र’ खोडून ‘चाकू’ असे लिहायला दुपारचे तीन वाजले.